मृतदेह नाही, हेतू नाही, तरी जन्मठेप : चेंबरलेन खटल्याचा अभ्यास

२९ ऑक्टोबर १९८२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात ज्युरीने लिंडी चेंबरलेन या गरोदर बाईला स्वतःच्या साडेनऊ आठवड्यांच्या मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. मुलीचा मृतदेह सापडलेला नव्हता आणि तो आजतागायत सापडलेला नाही. हत्यार मिळालं नव्हतं, खून होताना कोणी पाहिलेला नव्हता. आईने हे का केलं असावं, याचं कारण आपण सांगत नाही, असं सरकारी वकिलांनीच ज्युरीला मोकळेपणाने सांगितलं होतं. डार्विन ज्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशात आहे, तिथल्या कायद्यात खुनाला जन्मठेपेशिवाय दुसरी शिक्षा नव्हती. ती लिंडीला झाली. तिचा नवरा मायकल याला गुन्हा लपवायला मदत केल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली, पण ती तहकूब ठेवण्यात आली.

मृतदेहाशिवाय खून शाबीत होऊच शकत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. कायदा तसं म्हणत नाही आणि म्हणूही नये. तसं असतं तर प्रेताची पुरती विल्हेवाट लावणाऱ्याला त्याच्या निर्ढावलेपणाचंच बक्षीस मिळालं असतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या १९८१च्या निकालात स्पष्ट केलं आहे की प्रेत सापडणं ही खुनाच्या शिक्षेची अपरिहार्य अट नाही. परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असला की झालं.

पण प्रेत खटल्यात दोन वेगळी कामं करत असतं. माणूस मेला हे ते सांगतं आणि कसा मेला हेही सांगतं. प्रेत नसलेल्या बहुतेक खटल्यांत वाद पहिल्या मुद्द्यावर असतो. बेपत्ता माणूस खरंच मेला आहे की कुठे निघून गेला आहे? चेंबरलेन खटल्यात हा वाद नव्हताच. मूल गेलं हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. सगळं भांडण दुसऱ्या मुद्द्यावर होतं आणि तिथे शवविच्छेदनाची रिकामी जागा कशाने तरी भरावी लागणार होती. ती प्रयोगशाळेने भरली. हा खटला मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

मायकल चेंबरलेन सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री. क्वीन्सलंडमधल्या माउंट आयसा या खाणींच्या गावात त्याची नेमणूक होती. ऑगस्ट १९८०मध्ये तो, लिंडी, सहा वर्षांचा एडन, चार वर्षांचा रेगन आणि ११ जूनला जन्मलेली अझारिया असे पाच जण पिवळ्या टोराना गाडीने उलुरूला सहलीला आले. त्या काळी त्या प्रचंड खडकाला एअर्स रॉक म्हणत. १७ ऑगस्टच्या रात्री आठच्या सुमारास तंबूंच्या तळावर शेगडीजवळ मंडळी जेवणाच्या तयारीत होती. लिंडीने झोपलेल्या अझारियाला तंबूत रेगनशेजारी ठेवलं, एडनला भूक लागली म्हणून गाडीतून डबाबंद बीन्स काढले आणि ती शेगडीपाशी परतली. या येण्याजाण्यात पाच ते दहा मिनिटं गेली. थोड्या वेळाने तंबूच्या दिशेने बाळाचं रडणं ऐकू आलं. लिंडी तिकडे गेली तर तंबूतून डिंगो, म्हणजे तिथला जंगली कुत्रा, बाहेर पडताना तिला दिसला. डिंगोने माझं बाळ नेलं, हा तिचा आक्रोश तळावरच्या सगळ्यांनी ऐकला.

त्या रात्री तळावर असलेल्या लोकांचं म्हणणं या प्रकरणात पुढे पुन्हापुन्हा बाजूला सारलं गेलं, म्हणून ते इथे नीट नोंदवतो. लिंडीशी बोलत उभ्या असलेल्या एका सहप्रवासी बाईंनी बाळाचं रडणं स्वतः ऐकलं, आणि तेही लिंडी शेगडीपाशी परत आल्यानंतर. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी त्याआधी डिंगोची गुरगुर ऐकली. तंबूत रक्ताचे डाग होते. त्याच रात्री तळाजवळच्या वाळूत डिंगोचे माग आणि काहीतरी फरफटत नेल्याची खूण मिळाली. एके ठिकाणी ते ओझं खाली टेकवलं गेलं होतं आणि तिथे विणलेल्या कापडासारखा ठसा उमटला होता. हे माग उद्यानाचे मुख्य रेंजर डेरेक रॉफ यांनी आणि पिढ्यान् पिढ्या त्या वाळूत माग काढत आलेल्या स्थानिक आदिवासी मागकाढ्यांनी पाहिले. याच रॉफ यांनी त्या घटनेच्या आधीच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की डिंगो धीट झाले आहेत आणि लहान मुलांना त्यांच्यापासून धोका आहे.

आठवड्याने, २४ ऑगस्टला, तळापासून सुमारे चार किलोमीटरवर खडकाच्या पायथ्याशी एका पर्यटकाला अझारियाचे कपडे सापडले. त्यात जंपसूट, आतली बंडी, बूट आणि लंगोट होता. जंपसूटच्या गळ्याशी रक्त होतं. मात्र त्यावरून घातलेलं पांढरं विणलेलं जाकीट, ज्याचं लिंडीने सुरुवातीपासून वर्णन केलं होतं, ते मिळालं नाही.

पहिली मरणोत्तर चौकशी ॲलिस स्प्रिंग्जला झाली. कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी, डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी १९८१मध्ये आपला निष्कर्ष दूरचित्रवाणीवरून थेट जाहीर केला. बाळ डिंगोने नेलं, आईवडिलांचा काहीही दोष नाही, मागाहून कोणा अज्ञात माणसाने कपड्यांना हात लावलेला असावा, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांच्या तपासावर त्यांनी कडक ताशेरेही ओढले. प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण तोवर देशभर कुजबुज पसरली होती. अपरिचित पंथ, कॅमेऱ्यापुढे न रडणारी आई, बाळाला घातलेला काळा फ्रॉक, वाळवंटातला बळी असल्या वावड्या उठत होत्या. पुरावा म्हणून यांची किंमत शून्य होती. पण ज्युरीत बसणारी माणसं याच समाजातून येणार होती.

तपासाला नवं वळण मिळालं ते लंडनमधून. कपडे तिथले न्यायवैद्यक प्राध्यापक जेम्स कॅमेरॉन यांच्याकडे पाठवण्यात आले. गळा धारदार वस्तूने चिरला आहे आणि अतिनील प्रकाशात जंपसूटवर रक्ताळलेल्या मोठ्या माणसाच्या हाताचा ठसा दिसतो, असं त्यांचं मत पडलं. या मताच्या आधारे सप्टेंबर १९८१मध्ये चेंबरलेन कुटुंबाच्या घराची झडती झाली आणि गाडी ताब्यात घेतली गेली. घटनेला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द झाला आणि दुसऱ्या चौकशीअंती, फेब्रुवारी १९८२मध्ये, दोघांना खटल्यासाठी पाठवण्यात आलं.

सप्टेंबर १९८२मध्ये न्यायमूर्ती जेम्स म्युरहेड यांच्यासमोर खटला उभा राहिला. सरकार पक्षाची मांडणी अशी. लिंडीने बाळाला तंबूत न ठेवता गाडीत नेलं, पुढच्या सीटवर बसून बहुधा कात्रीने गळा चिरला, प्रेत गाडीत, शक्यतो कॅमेऱ्याच्या बॅगेत, दडवलं, स्वतःला आवरलं, एडनसाठी डबा घेतला आणि शेगडीपाशी येऊन डिंगोचा बनाव रचला. रात्री उशिरा प्रेत पुरलं आणि नंतर कपडे काढून, कापून, दूर नेऊन टाकले. यातला खुनाचा सगळा भाग पाच ते दहा मिनिटांत, तंबूंनी वेढलेल्या तळावर, थोरला मुलगा आसपास असताना घडलेला असायला हवा होता.

ही गोष्ट मुळात किती अवघड आहे हे वाचकाला जाणवलं असेल. तिला विश्वासार्ह करण्याचं काम तीन शास्त्रीय पुराव्यांनी केलं. पहिला कॅमेरॉन यांचा हाताचा ठसा. दुसरा कापडतज्ज्ञ प्राध्यापक माल्कम चायकिन यांचा. त्यांच्या मते जंपसूटच्या टॉवेलसारख्या कापडातून सुटलेले धाग्यांचे बारीक गुच्छ कात्रीने कापल्यावरच पडतात, दातांनी नाही. तिसरा सर्वांत जबरदस्त होता. गाडीत रक्त मिळालं आणि त्यात भ्रूण हिमोग्लोबिन होतं, अशी साक्ष न्यायवैद्यक जीवशास्त्रज्ञ जॉय कुल यांनी दिली.

भ्रूण हिमोग्लोबिन म्हणजे काय, तर गर्भात असताना बाळाच्या रक्तात असणारा हिमोग्लोबिनचा प्रकार. जन्मानंतर काही महिन्यांत तो ओसरतो आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेतं. नऊ आठवड्यांच्या बाळात तो बऱ्यापैकी शिल्लक असतो, मोठ्या माणसात जवळजवळ नसतोच. त्यामुळे गाडीत असं रक्त मिळालं याचा अर्थ लहान बाळ गाडीत रक्ताळलं. डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर तर फवारा उडाल्यासारखी नक्षी मिळाली होती. ज्युरीच्या डोळ्यांपुढे चिरलेल्या गळ्याचं चित्र उभं राहायला आणखी काय हवं?

चाचणी प्रतिद्रव्यावर आधारलेली होती. एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं द्रव्य नमुन्यावर टाकायचं, प्रतिक्रिया दिसली तर ते प्रथिन आहे असं म्हणायचं. अशा चाचणीची सगळी भिस्त ते द्रव्य फक्त त्याच प्रथिनाला ओळखतं की नाही, यावर असते. वापरलेलं द्रव्य प्रौढ हिमोग्लोबिनशीही प्रतिक्रिया देऊ शकतं, असं बचावाचे जीवशास्त्रज्ञ बॅरी बोएचर यांनी सांगितलं. मग मूळ चाचण्यांच्या पट्ट्या पाहून ठरवता आलं असतं. पण त्या पट्ट्या प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे टाकून देण्यात आल्या होत्या. मला या सबंध प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. एका स्त्रीचं आयुष्य ज्या निरीक्षणावर ठरणार, ते दुसऱ्या कोणालाही तपासता येणार नव्हतं. उरलं ते फक्त एका तज्ज्ञाविरुद्ध दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, आणि त्यातला निवाडा शास्त्राचं शिक्षण नसलेल्या ज्युरीने करायचा.

म्युरहेड यांचा समारोप बचावाकडे झुकलेला होता, असं त्या वेळी अनेकांना वाटलं. ज्युरीने तरी दोषी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये लिंडीने कैदेत असताना मुलीला जन्म दिला.

अपिलांची कहाणी कायद्याच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावी अशी आहे. फेडरल कोर्टाने एप्रिल १९८३मध्ये अपील फेटाळलं. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २२ फेब्रुवारी १९८४ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी शिक्षा कायम ठेवली. सरन्यायाधीश गिब्ज, मेसन आणि ब्रेनन एका बाजूला, मर्फी आणि डीन दुसऱ्या बाजूला. नवल असं की बहुमतातल्या गिब्ज आणि मेसन यांनीच म्हटलं की तज्ज्ञांमधला मतभेद पाहता गाडीतल्या रक्तात भ्रूण हिमोग्लोबिन होतं असं ज्युरीने निःसंशय मानणं सुरक्षित नव्हतं. तरीही त्यांच्या मते, तो पुरावा वगळूनही उरलेला पुरावा दोषसिद्धीला पुरेसा होता.

हे मला पटत नाही. बाळाचं रक्त गाडीत सांडलं, हा भाग काढून घेतला की सरकार पक्षाच्या गोष्टीला घटनास्थळच उरत नाही. मग उरतात कापलेले वाटणारे कपडे, त्यांवर डिंगोची लाळ नसणं, आणि आईच्या सांगण्यातल्या विसंगती. यांतून फार तर कपड्यांचं काहीतरी विचित्र झालं इतकं निघतं. पाच-दहा मिनिटांत गाडीत खून झाला हे निघत नाही.

योगायोगाने त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्यातल्या प्रकरणात परिस्थितीजन्य पुराव्याचं पंचशील मांडलं आणि आरोपीला सोडलं. त्यातलं पहिलंच तत्त्व असं की ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा, ती परिस्थिती स्वतः पूर्णपणे शाबीत झालेली हवी. शाबीत ‘झालेली असू शकते’ एवढं चालणार नाही, ‘झालेलीच’ हवी. हा धडा सर्वोच्च न्यायालयाने १९७३च्या शिवाजी सहाबराव बोबडे खटल्यातून घेतला होता. पंचशीलातलं आणखी एक तत्त्व म्हणजे पुरावा आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा प्रत्येक वाजवी पर्याय खोडून काढणारा हवा. डिंगो हा पर्याय तर प्रत्यक्ष साक्षीदारांच्या तोंडून समोर आलेला होता.

जानेवारी १९८६च्या अखेरीस एक इंग्रज पर्यटक उलुरूवरून पडून मेला. त्याच्या अवशेषांचा शोध घेताना २ फेब्रुवारीला, डिंगोंच्या गुहा असलेल्या भागात, मातीत अर्धवट गाडलेलं एक लहान मुलाचं जाकीट सापडलं. लिंडी पहिल्या दिवसापासून सांगत होती तेच. सरकार पक्षाने ते जाकीट म्हणजे थाप ठरवली होती, आणि जंपसूटवर डिंगोची लाळ का नाही याचं सगळ्यांत साधं उत्तर तेच होतं. वरून जाकीट होतं. ७ फेब्रुवारीला लिंडीची सुटका झाली.

त्यानंतर न्यायमूर्ती ट्रेव्हर मोरलिंग यांचा शाही आयोग नेमला गेला आणि पहिल्यांदाच पुराव्याचा प्रत्येक तुकडा सावकाश तपासला गेला. डॅशबोर्डखालचा तो रक्ताचा फवारा? तो गाडीच्या कारखान्यात आवाज कमी करण्यासाठी मारलेल्या रसायनाचा होता. त्याच बनावटीच्या इतर गाड्यांतही तसेच ठिपके निघाले. रक्ताची प्राथमिक चाचणी तांब्याच्या धुळीनेही होकारार्थी येऊ शकते असं दिसलं, आणि चेंबरलेन राहत होते ते माउंट आयसा तांब्याच्या खाणींचं गाव. भ्रूण हिमोग्लोबिनच्या निष्कर्षावर विसंबता येत नाही असं आयोगाने ठरवलं. जंपसूटवर रक्त समजलेला बराचसा भाग लाल वाळू होता, त्यामुळे हाताचा ठसाही विरला. धाग्यांचे गुच्छ डिंगोच्या दातांनीही पडतात, हे प्रयोगाने दाखवून दिलं गेलं. ही शोधाशोध करणाऱ्यांत पंथाच्या अन्नकारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारा एक तंत्रज्ञ होता. ज्याला मोठ्या पदव्यांचं वलय नव्हतं, त्याने दुसऱ्या गाड्या उघडून पाहिल्या. सरकारी यंत्रणेला हे खटल्याआधी करता आलं नसतं का?

मागकाढ्यांचंही तसंच. १९८२च्या खटल्यात त्यांची साक्ष ज्युरीपुढे आलीच नाही. आयोगासमोर मात्र त्यांचं ऐकलं गेलं. वाळू वाचता येणारी माणसं हीसुद्धा तज्ज्ञच होती. पांढऱ्या डगल्यातल्या तज्ज्ञांपुढे त्यांना ती किंमत मिळाली नाही, याचा मला राग येतो.

१९८७च्या अहवालात मोरलिंग यांनी म्हटलं की हा पुरावा खटल्याच्या वेळी समोर असता तर न्यायाधीशांना ज्युरीला निर्दोष सोडण्याचाच आदेश द्यावा लागला असता. दोघांना माफी मिळाली. पण माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे, म्हणून ते पुन्हा न्यायालयात गेले आणि १५ सप्टेंबर १९८८ रोजी नॉर्दर्न टेरिटरीच्या फौजदारी अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. १९९२मध्ये १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मिळाली. १९९५च्या तिसऱ्या चौकशीने निष्कर्ष खुला ठेवला. तोवर आणि त्यानंतरही, डिंगो माणसाच्या मुलाला नेणारच नाही, हा समज टिकून होता. २००१मध्ये क्वीन्सलंडच्या फ्रेझर बेटावर डिंगोंनी नऊ वर्षांच्या मुलाला ठार केलं तेव्हा तो ढासळला. १२ जून २०१२ रोजी चौथ्या चौकशीत कॉरोनर एलिझाबेथ मॉरिस यांनी डिंगोने नेल्यामुळे अझारियाचा मृत्यू झाला असं नोंदवलं.

कायद्याचा एक धागा अजून राहिला. १९८४च्या निकालानंतर ऑस्ट्रेलियात गोंधळ होता. परिस्थितीजन्य पुराव्यातली प्रत्येक बाब निःसंशय शाबीत व्हायला हवी का? १९९०मध्ये शेफर्ड खटल्यात हायकोर्टाने फरक स्पष्ट केला. काही पुरावा दोरखंडातल्या पेडांसारखा असतो, एखादा पेड कच्चा निघाला तरी बाकीचे भार पेलतात. काही पुरावा साखळीसारखा असतो. ज्या दुव्याशिवाय निष्कर्षापर्यंत पोचताच येत नाही, तो दुवा मात्र निःसंशय शाबीत झालेलाच हवा.

ही कसोटी चेंबरलेन खटल्याला लावून पाहा. रक्त, धागे, हाताचा ठसा हे सगळे पेड आहेत असं म्हणता येईल. पण एक गोष्ट साखळीतला दुवाच होती. लिंडी शेगडीपाशी परतली तेव्हा बाळ आधीच मेलेलं असणं. ते जिवंत असेल तर सरकार पक्षाची संपूर्ण गोष्ट कोसळते, कारण परतल्यानंतर रडण्याचा आवाज येईपर्यंत लिंडी सगळ्यांसमोर होती. आणि त्या क्षणाबद्दल थेट बोलणारी साक्ष उपलब्ध होती. लिंडीच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी शपथेवर सांगितलं की लिंडी परत आल्यावर आपण बाळाचं रडणं ऐकलं. चेंबरलेन कुटुंबाशी त्यांची आधीची ओळख नव्हती, खोटं बोलण्याचं कारण नव्हतं आणि त्यांना साक्षीला बोलावलं होतं ते सरकार पक्षानेच. त्या प्रामाणिक आहेत पण त्यांची चूक होत असावी, एवढंच सरकार पक्षाला म्हणता आलं. चूक झाली हे दाखवणारं काहीही समोर आलं नव्हतं. रक्ताची एकही चाचणी खोटी ठरायच्या आधी, जाकीट सापडायच्या तीन वर्षांहून अधिक काळ आधी, वाजवी संशय त्या साक्षीतच होता.